पोलिश माणूस ‘सिबिर’ म्हणतो तेव्हा

प्रश्न असा आला आहे: “मी कोल्हापूरजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. आमच्या आजीच्या पिढीनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिलेले पोलिश निर्वासित पाहिले होते. 2019 मध्ये त्यांच्यातली काही वृद्ध मंडळी परत आली, तेव्हा मीही गर्दीत होते. ज्याच्या-त्याच्या तोंडी ‘सिबिर’. नंतर वाचलं तर त्यांतले कित्येक जण कझाकस्तानात होते, काही उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्कच्या जंगलात. मग हे सगळे सायबेरिया का म्हणतात? आणि इतक्या वर्षांनीही ही आठवण एवढी ओली कशी? मुलांना घेऊन गावातल्या आठवणी नोंदवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?”

बाई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी 22 वर्षं पोलिश भाषेची दुभाषी म्हणून काम करते. त्यातला मोठा काळ हद्दपारीतून वाचलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात, त्या ऐकून-ऐकून उतरवून काढण्यात गेला. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच अडखळले होते. एका आजींना मी मध्येच थांबवून म्हटलं, “पण तुम्ही तर कझाकस्तानात होतात ना?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. म्हणाल्या, “हो. म्हणजे सिबिरमध्येच.”

पोलिशमध्ये यासाठी दोन शब्द आहेत. नकाशावरच्या प्रदेशाला ते ‘सिबेर्या’ म्हणतात. ‘सिबिर’ हा रशियन वळणाचा शब्द वेगळा. त्याला सीमा नाहीत, अक्षांश-रेखांश नाहीत. रशियाच्या सत्तेनं माणसाला घरातून उचलून जिथं नेऊन टाकलं, ते सिबिर. आपल्याला हे कळायला फार कष्ट पडू नयेत. अंदमान म्हटलं की बेटं डोळ्यांसमोर येतात, सहलीच्या जाहिराती येतात. ‘काळं पाणी’ म्हटलं की काही वेगळंच येतं, आणि मंडालेला पाठवलेल्या टिळकांबद्दलही जुनी माणसं ‘काळ्या पाण्यावर गेले’ असं बोलून जात. सिबिर हे पोलिश माणसाचं काळं पाणी आहे. तिथून परतलेल्याला ‘सिबिराक’ म्हणतात. ही ओळख मुलं-नातवंडं अभिमानानं सांगतात.

आता मुख्य मुद्दा. 1940 मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली कुटुंबं मालगाड्यांत भरून नेली, तेव्हा ‘सिबिर’ हा शब्द दीडशे वर्षांहून जुना होता. म्हणजे अनुभव येण्याआधीच त्याचं नाव, त्याची चित्रं, त्याची गाणी, त्याचे विधी घराघरांत तयार होते. आईनं मुलाला गाडीत चढवलं, तेव्हा आपण कुठल्या गोष्टीत शिरतोय हे तिला ठाऊक होतं, कारण ती गोष्ट तिनं आपल्या आजीकडून ऐकली होती. आठवण एवढी ओली का, याचं माझ्या मते खरं उत्तर हे आहे. आणि या आठवणी ऐकताना जपून ऐकाव्या लागतात, त्याचं कारणही हेच.

थोडं मागं जाऊ. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1772, 1793 आणि 1795 अशा तीन वेळा पोलंडचे तुकडे करून वाटून घेतले, आणि 1918 पर्यंत हा देश नकाशावर नव्हता. पहिल्या फाळणीच्या आधीच, बारच्या संघाच्या, म्हणजे रशियाविरुद्ध एकत्र आलेल्या पोलिश सरदारांच्या, उठावात पकडलेले लोक रशियाच्या आतल्या भागात धाडले गेले. 1830 चा नोव्हेंबर उठाव आणि 1863 चा जानेवारी उठाव चिरडल्यावर हद्दपारीला पूर आला. बेड्या, पायी तांडे, सक्तमजुरी, आणि ‘किबित्का’ नावाची ती घोडागाडी. 1831 नंतर प्रिन्स रोमान सांगुश्कोला शिक्षा झाली, तेव्हा त्यानं सायबेरियापर्यंत पायी चालत जावं असा हुकूम झारनं केला. ही गोष्ट पोलिश घरांत पुढं पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

त्याच वेळी दुसरी वाट पश्चिमेकडे फुटली. 1831 नंतर हजारो सैनिक, कवी, राजकारणी पॅरिसकडे गेले. पोलिश इतिहासात याला ‘महान स्थलांतर’ म्हणतात. संगीतकार शोपँ 1830 च्या उठावाच्या काही आठवडे आधी वॉर्सातून निघाला आणि पुन्हा कधीच परतला नाही. त्याचा देह पॅरिसमध्ये आहे, पण हृदय बहिणीनं वॉर्साला आणलं आणि ते आज होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे. मी पहिल्यांदा त्या खांबासमोर उभी राहिले, तेव्हा मला वाटलं होतं की ही एका कलाकाराची हौस असेल. पुढं कळलं की पोलिश माणसाला यात विचित्र असं काहीच वाटत नाही. देह एकीकडे आणि काळीज दुसरीकडे, ही त्यांच्याकडे शब्दशः घडलेली गोष्ट आहे.

म्हणून पोलिशमध्ये परदेशी राहण्याचे शब्दही बारीक छटांचे आहेत. ‘झेस्वान्ये’ म्हणजे शिक्षा म्हणून धाडलं जाणं. ‘विवुस्का’ म्हणजे सामान उचलावं तसं उचलून नेणं. 1940 साठी लोक हाच शब्द वापरतात, कारण तेव्हा ना खटला झाला ना शिक्षा सुनावली गेली. ‘तुवाच्का’ म्हणजे वणवण, दारोदार फिरणं. वळिवड्याला राहिलेली माणसं भारतातल्या दिवसांना तुवाच्का म्हणतात, सिबिर कधीच नाही. अनुवादात या तिन्हींना ‘निर्वासन’ हा एकच शब्द लावला की अर्ध्या गोष्टीचा जीव जातो.

या आठवणीचा साचा घडवण्यात सर्वांत मोठा हात आदाम मित्स्क्येविच या कवीचा. तो स्वतः 1823 मध्ये विल्नोत, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये, पकडला गेला आणि पुढच्या वर्षी रशियात धाडला गेला. 1832 मध्ये त्यानं ‘ज्यादी’ या नाटकाचा तिसरा भाग लिहिला, तो याच तरुण कैद्यांबद्दल आहे. ‘ज्यादी’ म्हणजे पितर. लिथुआनिया-बेलारूसच्या खेड्यांत वर्षातून ठरावीक रात्री मेलेल्यांना बोलावून खाऊ-पिऊ घालायची प्रथा होती, तिचं हे नाव. आपल्या पितृपक्षाशी तिचं नातं शोधायला लांब जावं लागत नाही. मित्स्क्येविचनं केलं काय, तर पितरांना पान वाढण्याच्या त्या विधीतच किबित्कांत बसवून नेलेली पोरं आणून उभी केली. हद्दपार माणूस जिवंत असतो, पण घरात नसतो; मेलेला असेल, तर त्याची कबर नसते. अशा माणसाचं स्मरण करायचं कसं, हा प्रश्न त्यानं सोडवला, आणि पोलिश घरांनी ते उत्तर कायमचं उचललं.

त्या उत्तराचं सर्वांत साधं रूप म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं रिकामं ताट. 24 डिसेंबरच्या जेवणाला, ‘विगिल्या’ला, टेबलावर एक पान जास्तीचं मांडतात. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, असं मुलांना सांगतात. पण ज्या घरातलं कुणी गेलंय, त्या घरात ते पान कुणाचं, हे सगळ्यांना माहीत असतं. याचेक माल्चेव्स्की या चित्रकारानं 1892 मध्ये सायबेरियातली विगिल्या रंगवली. त्यात टेबलाभोवती हद्दपार माणसं बसली आहेत आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. पुढं 1940 नंतरच्या कित्येक आठवणींत मला हाच प्रसंग भेटला. वाटून खायची ती पातळ पवित्र पोळी, ‘ओपवातेक’, मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून काळ्या पावाचा तुकडा मोडून एकमेकांना दिला. असं खरोखरच घडलं, शंभर ठिकाणी घडलं. पण सांगणाऱ्याच्या मनात ते चित्रही होतंच.

दागिन्यांचीही गोष्ट सांगायला हवी. 1861 मध्ये वॉर्सात रशियन सैन्यानं मोर्चावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. बायकांनी देशभर सुतक पाळायचं ठरवलं. काळे कपडे घातले, सोनं उतरवून ठेवलं आणि लोखंडाचे, काळ्या दगडांचे दागिने घातले. काट्यांचा मुकुट, तुटलेली साखळी, बेडीसारख्या दिसणाऱ्या बांगड्या. सत्तेनं काळ्या कपड्यांवरच बंधनं घातली, तर बायका आडमार्ग काढत राहिल्या. ही आठवण जपली कुणी, या प्रश्नाचं उत्तर त्या दागिन्यांत आहे. पुरुष गेले, आणि त्यांच्या जाण्याला भाषा बायकांनी दिली.

एक बाजू मात्र या साच्यात कधी नीट बसली नाही. हद्दपार झालेल्यांतल्या काही जणांनी तिथं मोठं काम करून ठेवलं. बेनेडिक्ट डिबोव्स्कीनं बैकल सरोवरातल्या जीवसृष्टीचा अभ्यास केला. यान चेर्स्कीच्या नावानं ईशान्य सायबेरियात आख्खी पर्वतरांग आहे. ब्रोनिस्वाव पिवसुद्स्कीला सखालीन बेटावर धाडलं, तर त्यानं तिथल्या आयनू लोकांची भाषा आणि गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. पण वेदनेच्या गोष्टीत कुतूहलाला जागा कमी असते. म्हणून ही माणसं शाळेच्या पुस्तकात असतात, विगिल्याच्या टेबलावर नसतात.

आता 1940. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीनं पश्चिमेकडून हल्ला केला, 17 सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत आलं. पोलंडच्या या पूर्व पट्ट्याला ‘क्रेसी’ म्हणतात, सरहद्दीचा प्रदेश. तिथून चार मोठ्या लाटांत माणसं नेली गेली. 10 फेब्रुवारी 1940 ला पहिली: सैन्यातून निवृत्त होऊन जमिनी मिळालेले शेतकरी आणि वनखात्याचे लोक, कुटुंबांसकट. 13 एप्रिलला दुसरी: अटकेत असलेल्यांच्या बायका, मुलं, म्हातारे आईबाप. यांतले बहुतेक कझाकस्तानच्या गवताळ पठारावर गेले. जून 1940 मध्ये तिसरी: जर्मन भागातून पळून आलेले निर्वासित, त्यांत बहुसंख्य ज्यू. आणि मे-जून 1941 मध्ये चौथी, जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला करण्याच्या अगदी तोंडावर.

आकड्यांबद्दल इथंच सांगून टाकते, म्हणजे मुलांपुढं गोंधळ होणार नाही. लंडनमधल्या पोलिश लोकांनी अनेक दशकं 10 लाखांच्या वरचे आकडे सांगितले. सोव्हिएत गुप्त पोलिसांची कागदपत्रं 1990 च्या दशकात उघडी झाली, तेव्हा या चार लाटांची बेरीज सुमारे 3 लाख 20 हजार भरली. अटक झालेले, युद्धकैदी, सक्तीनं लाल सैन्यात भरलेले यात नाहीत. लहान आकडा सांगितला की काही वृद्ध दुखावतात, जणू त्यांच्या भोगण्यातून कुणी काही वजा करतंय. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण लिहिताना कागदपत्रांचा आकडा लिहिते. तुम्हीही तसंच करा.

पहिल्या रात्रीचं वर्णन तुम्ही कुणाकडूनही ऐका, जवळपास सारखंच असतं. मध्यरात्री दारावर बंदुकीच्या दस्त्यांचे ठोके. आवरायला अर्धा तास, नशीब असेल तर थोडा जास्त. उणे 40 ची थंडी. आईनं घेतलेली पिसांची रजई, शिवणयंत्र, माता मारियाची तसबीर. मग स्टेशनवर गुरांच्या वाघिणी, मध्ये लोखंडी शेगडी, फळीत पाडलेलं भोक. गाडीनं जुनी सरहद्द ओलांडली तेव्हा सगळ्या डब्यांतून एकदम सुरू झालेली स्तोत्रं. स्टेशनांवर मिळणारं उकळतं पाणी, ‘किप्यातोक’. आणि पोहोचल्यावर तिथल्या अधिकाऱ्याचं ते वाक्य, जे मी इतक्या तोंडांतून ऐकलंय: सवय होईल, आणि नाही झाली तर मराल.

हे खोटं आहे का? मुळीच नाही. एकाच पद्धतीनं, एकाच रात्री, हजारो घरांवर धाड पडली, तर आठवणी सारख्या असणारच. पण सांगणाऱ्याचं वय तेव्हा चार वर्षं असेल, तर ही आठवण त्याची नसून आईची असते, आणि ती त्यानं वार्षिक स्मरणसभांत इतक्यांदा ऐकलेली असते की त्याची स्वतःची होऊन जाते. मी असं वर्णन सुरू झालं की थांबवत नाही. ते स्तोत्रासारखं पूर्ण होऊ देते. त्यानंतर विचारते, “डब्यात संडासाची सोय काय होती?” “आईचे पाय कसे दिसायचे?” “तुम्ही कुणाचं काही चोरून खाल्लंत का?” तिथं आवाज बदलतो. एका आजोबांनी सामूहिक शेतावरचे बटाटे चोरल्याचं सांगितलं, आणि मग ते सापडल्यावर एका कझाक म्हातारीनं ‘माझेच आहेत’ म्हणून त्यांना कसं सोडवलं तेही सांगितलं. साठ वर्षांत त्यांनी हे कुठल्याच सभेत सांगितलं नव्हतं, कारण सभेतल्या गोष्टीत त्या म्हातारीला जागा नव्हती.

तिसऱ्या लाटेबद्दलही असंच. जून 1940 मध्ये नेलेल्या ज्यूंनी तीच थंडी, तीच उपासमार सोसली. पण त्यांचे मागं राहिलेले नातलग पुढच्या तीन-चार वर्षांत जर्मनांनी जवळजवळ सगळे मारले. युद्धातून वाचलेल्या पोलिश ज्यूंतला सर्वांत मोठा गट सोव्हिएत संघात, आतल्या प्रदेशात होता म्हणून वाचला. शिक्षा म्हणून मिळालेल्या हद्दपारीनं जीव वाचवला, हे वाक्य पोलिश ख्रिस्ती घरातल्या सिबिरच्या गोष्टीत बसत नाही, आणि ज्यू घरातल्या संहाराच्या गोष्टीतही बराच काळ बसलं नाही. त्यामुळे ही माणसं दोन्हीकडच्या स्मरणातून निसटत राहिली. अलीकडे कुठं त्यांच्यावर नीट काम होऊ लागलंय.

तुमच्या गावापर्यंत ही माणसं आली कशी, ते थोडक्यात. जर्मनीनं हल्ला केल्यावर स्टालिनला मित्र हवे होते. 30 जुलै 1941 ला पोलिश सरकारशी झालेल्या करारानंतर पोलिश कैद्यांना ‘माफी’ मिळाली. गुन्हाच नव्हता, तर माफी कसली, ही चीड आजही ऐकू येते. पोलिश जनरल अँडर्स सैन्य उभारू लागला आणि उत्तरेकडून माणसं गाड्यांनी, तराफ्यांनी, पायी दक्षिणेकडे, उझबेकिस्तानकडे निघाली. तिथं टायफसनं इतके मेले की काही कुटुंबांत हाच काळ सर्वांत वाईट म्हणून सांगितला जातो. 1942 मध्ये दोन खेपांत सुमारे 1 लाख 15 हजार लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले. त्यांत 37 हजारांच्या आसपास नागरिक होते, त्यातली जवळपास निम्मी मुलं. पोराला निदान भाकरी मिळेल म्हणून आयांनी धडधाकट असताना आपली मुलं अनाथालयात घातली. त्यातल्या काही जणींची नि मुलांची पुन्हा भेट झालीच नाही.

इराणहून माणसं जगभर विखुरली: टांगानिकातलं तेंगेरू, युगांडातलं मासिंदी, मेक्सिकोतलं सांता रोसा, न्यूझीलंडमधलं पाहियाटुआ. भारतात नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला शेकडो मुलांना आसरा दिला, आणि 1943 पासून कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठी वळिवड्याला सुमारे 5 हजार लोकांची वसाहत उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं. बालाचडी 1946 मध्ये बंद झाली, तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आली.

इथं एक तारीख मनात धरा: 13 एप्रिल. 13 एप्रिल 1940 ला उचललेल्या कित्येक बायका सोव्हिएत कैदेतल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या होत्या. नवऱ्यांची पत्रं त्याच वसंतात थांबली. का थांबली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. 13 एप्रिल 1943 ला जर्मन रेडिओनं स्मोलेन्स्कजवळच्या कातीनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्याचं जाहीर केलं. पण तिथं तीन छावण्यांपैकी एकाच छावणीतले अधिकारी होते. बाकी दोन छावण्यांतल्यांचं काय झालं ते कळलं नाही. सोव्हिएत सरकारनं गुन्हा कबूल केला तो 13 एप्रिल 1990 ला. एकूण सुमारे 22 हजार माणसं मारली गेली होती. आता विचार करा, 1943 च्या उन्हाळ्यात वळिवड्याच्या बराकीत चूल पेटवणारी एखादी बाई. नवरा गेला असं म्हणावं, तर मन धजत नाही. आहे म्हणावं, तर पत्र नाही. अशी बाई मुलांना काय सांगत असेल? मुलं मात्र आंब्यांची, माकडांची, पावसाची आठवण काढतात. भारताच्या सुखाच्या आठवणी बहुतांशी मुलांच्या आहेत. आयांनी फार थोडं सांगितलं.

आणि मग परतायचा प्रश्न आला, तेव्हा घरच राहिलं नव्हतं. याल्टाला झालेल्या मित्रराष्ट्रांच्या नेत्यांच्या बैठकीनंतर क्रेसी सोव्हिएत संघात गेला. आज ती गावं युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. जुलै 1945 मध्ये ब्रिटननं युद्धकाळात लंडनमधून चालणाऱ्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या माणसांना पोलंडला जायचं, तर ते एका अनोळखी पोलंडला, जर्मनांकडून मिळालेल्या पश्चिमेकडच्या शहरांत, तेही साम्यवादी राजवटीखाली. काही गेले. बरेच ब्रिटनला सैन्यातल्या नवऱ्यांकडे, भावांकडे गेले, काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. तिथली मंडळी परत परत कोल्हापूरला का येतात, असं तुमच्यासारखे बरेच जण विचारतात. मला वाटतं, त्यांच्या बालपणातलं असं एकच घर उरलंय जिथं जाता येतं, आणि जिथून त्यांना कुणी हाकललं नव्हतं.

आठवण दोन भागांत तुटली ती इथंच. लंडनमध्ये ती बोलू शकत होती. स्मरणिका निघाल्या, संघ स्थापन झाले, आणि परागंदा सरकारही चालूच राहिलं. त्या सरकारचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की स्वतः ईशान्य सायबेरियातल्या कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावणीतून वाचलेले होते. 22 डिसेंबर 1990 ला त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची जुनी चिन्हं पोलंडचे नवे राष्ट्राध्यक्ष लेख वावेंसा यांच्या हाती दिली, आणि 10 एप्रिल 2010 ला कातीनच्या स्मरणसोहळ्याला जातानाच स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात गेले. पोलंडमध्ये मात्र चाळीस वर्षं ही गोष्ट स्वयंपाकघरात कुजबुजत सांगितली गेली. मुलाखतीत पोलंडमध्ये राहिलेली माणसं ‘सिबिर’ म्हणताना आजही आवाज खाली आणतात. लंडनवाले आणत नाहीत.

दडपलेली आठवण कुठून उसळेल ते सांगता येत नाही. 1967 च्या नोव्हेंबरात वॉर्साच्या राष्ट्रीय रंगमंचावर तेच ‘ज्यादी’ लागलं. झारच्या विरोधातल्या वाक्यांना टाळ्या पडू लागल्या. टाळ्या कुणाच्या विरोधात आहेत, ते सरकारला कळलं. 30 जानेवारी 1968 ला शेवटचा प्रयोग झाला. प्रेक्षक उठून मित्स्क्येविचच्या पुतळ्याकडे चालत गेले. मार्चमध्ये विद्यार्थ्यांची निदर्शनं झाली आणि सत्तेनं त्याचं खापर ज्यूंवर फोडलं. पुढच्या काही वर्षांत 13 हजारांहून जास्त लोक देश सोडून गेले. त्यांच्या हातात एक प्रवासाचा कागद होता, आणि हा धारक पोलिश नागरिक नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. ते वॉर्साच्या ग्दान्स्क स्टेशनवरून निघाले. हद्दपारीवरच्या नाटकाचा शेवट पोलंडनं स्वतः केलेल्या हद्दपारीत झाला, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत जड पान वाटतं.

याला जोडूनच आणखी दोन गोष्टी. युद्धानंतर पोलंडच्या नव्या पश्चिम प्रदेशांतून लक्षावधी जर्मनांना घालवलं गेलं, आणि 1947 च्या ‘विस्वा मोहिमे’त सुमारे 1 लाख 40 हजार युक्रेनियन आणि लेम्को लोकांना आग्नेय पोलंडमधल्या त्यांच्या गावांतून उचलून पश्चिमेला विखरून टाकलं. तीही माणसं मालगाड्यांतूनच गेली. मी हे बोलते तेव्हा काही पोलिश मित्र नाराज होतात. त्यांचं दुःख कमी लेखावं म्हणून मी बोलत नाही. ज्यांनी सिबिर भोगलाय, त्यांतल्याच काही आजी क्रेसीहून आलेल्या, जर्मनांच्या रिकाम्या घरात राहिलेल्या. ओट्यावर अजून कोमट असलेलं भांडं त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या स्वतःहून मला ते सांगत होत्या.

1988 मध्ये सिबिराकांचा संघ पुन्हा उभा राहिला; तो मूळचा 1928 चा, झारच्या काळातल्या हद्दपारांचा. 17 सप्टेंबर 1995 ला वॉर्सात पूर्वेकडे मेलेल्यांचं स्मारक झालं: एक उघडी रेल्वे वाघीण, तिच्यावर क्रुसांची दाटी, आणि त्या गर्दीत ज्यूंची नि मुसलमानांचीही चिन्हं. पुढच्या रुळांच्या स्लीपरांवर गावांची नावं कोरली आहेत. 17 सप्टेंबर 2021 ला ब्याविस्तोकमध्ये सिबिर-स्मृती संग्रहालय उघडलं, ते जिथून गाड्या निघाल्या त्या स्टेशनाशेजारच्या जुन्या लष्करी गोदामांत. पाटीवर ‘सिबेर्या’ नाही, ‘सिबिर’ आहे.

आता तुमच्या कामाचं. मुलांना आधी नकाशावर एका कुटुंबाची वाट काढायला लावा: क्रेसीतलं एखादं गाव, अर्खांगेल्स्क किंवा कझाकस्तान, उझबेकिस्तान, कास्पियन, तेहरान, कराची, वळिवडे. मग गावातल्या जुन्या माणसांकडे जा. ‘पोलिश लोक कसे होते’ असं विचारलंत, तर ‘फार चांगले होते’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: त्यांना दूध कोण घालायचं? भाजी कुठून घ्यायचे, आणि भाव कुठल्या भाषेत ठरायचा? अंत्ययात्रा निघाली, तर गावातलं कुणी जायचं का? पोरं खेळताना एकमेकांना काय नावानं हाका मारायची? एखादा पोलिश शब्द अजून कुणाच्या तोंडात असेल, तर त्याचा उच्चार दुरुस्त करू नका; जसा आहे तसा टिपा. कागद, फोटो, भांडं, काहीही निघालं तर वस्तू मागू नका, तिचा फोटो काढा आणि ती हातात धरून बोलायला सांगा. हातात वस्तू असली की माणूस भाषण करत नाही.

आणि मुलाखती वळिवड्याच्या मराठी घरांपाशी थांबवू नका. छावणी रिकामी झाल्यावर त्याच बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली, तेच आजचं गांधीनगर. कापडाच्या पेठेत बसणारे एखादे आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. त्यांना विचारा, बराकीचं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आत काय काय पडलेलं होतं.